फिटर बोलावू नका

अभिनंदन! तुमचं इंजिन बंद पडलं. आता तुम्हाला चारचौघांत बोलायला विषय मिळाला. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ज्याचं कधी काही बंदच पडत नाही, त्याच्यापाशी कोण थांबणार? नवीकोरी गाडी घेतलेल्याला लोक लांबूनच रामराम घालतात. बंद गाडीपाशी मात्र सायकलवाला उतरतो, डेअरीला दूध घालायला निघालेला किटल्यांसकट थांबतो, एसटीचा ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून मुंडकं काढून विचारतो, ‘काय झालं ओ?’

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. ध्येय एकच : इंजिन चालू करायचं, दुरुस्त करायचं नाही. बऱ्याच जणांची इथंच गफलत होते. दुरुस्त केलेलं इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट चालू होतं. मग ना कुणाला हाक मारावी लागते, ना कुणी येतं. महिन्याभरात चौकात तुमचं नाव निघायचं थांबतं. एवढी मोठी किंमत मोजण्याआधी पुढचं नीट वाचा.

आधी मुलखाची ओळख. नीरा डाव्या कालव्याचं पाणी इथं १८८५ पासून फिरतंय. पाण्यामागं ऊस आला, उसामागं कारखाने, कारखान्यांमागं ट्रॅक्टर. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं. तिथं साखर कारखान्यांची यंत्रं तर होतातच, इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग्जही तिथं बनली. बारामतीच्या एमआयडीसीतून पियाजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होऊन देशभर जातात. म्हणजे एकाच रस्त्यावर अवकाशात जायचं सामान आणि बारा माणसांनी ढकलत नेलेला ट्रॅक्टर एकमेकांना साइड देतात. यात ज्यांना विसंगती दिसते ते बहुधा पुण्याहून आलेले असतात.

१. बॉनेट उघडा.

इंजिनाची माहिती असायची गरज नाही. बॉनेट उघडा, कमरेवर हात ठेवा आणि आत बघत राहा. एखादी वायर हलवा. ‘हं’ म्हणा. दुसरी वायर हलवा. टाकीत डिझेल आहे का, हे एवढ्यात बघू नका. टाकीत काडी घालून बघणारा माणूस उतावळा समजला जातो, शिवाय टाकी कोरडी निघाली तर पुढचा सगळाच कार्यक्रम बुडतो. आधी बॅटरीवर संशय घ्या, मग नोझलवर, मग पंपावर, मग ज्या पेट्रोल पंपावर डिझेल भरलं त्याच्या मालकावर, मग केंद्र सरकारवर.

मोटरसायकल असेल तर काम सोपं. गचके खाऊन बंद पडली की इथेनॉलच्या नावानं बोटं मोडा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, तेव्हा तुमच्या म्हणण्याला निदान वीस टक्के आधार आहे. फक्त आवाज बेतानं. ते इथेनॉल आपल्याच कारखान्याच्या डिस्टिलरीतून गेलेलं असायचं, आणि उसाच्या बिलात त्याचे पैसे धरा म्हणून वार्षिक सभेत माइक हिसकावणारेही तुम्हीच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मज्जाव केला, तेव्हा ‘शेतकऱ्याच्या पोटावर पाय’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं, तेही लोकांच्या लक्षात आहे. असो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक बोलता येणं, ही पुढच्या इयत्तेची तयारी समजा.

स्कूटर असेल तर वाकडी करा. का, ते विचारू नका. बजाजनं त्या जुन्या पेट्रोल स्कूटरी बनवणं सोडून दीड दशक उलटलं, तरी इंदापुरात अजून माणसं ॲक्टिव्हा एका अंगावर घेऊन कान देऊन ऐकताना दिसतात.

२. माणसं जमू द्या.

जमलेल्यांची कामं ठरलेली असतात, वाटून द्यावी लागत नाहीत. एक जण येतो, एकदाच बघतो आणि ‘हवा धरलीय’ एवढंच म्हणतो. त्याच्याकडं साफ दुर्लक्ष करा. बहुतेक वेळा तोच बरोबर असतो, आणि त्याचं ऐकलं तर खेळ पाच मिनिटांत आटोपतो. दुसरा मिलिटरीतून रिटायर झालेला. लडाखला उणे वीसमध्ये गाडी कशी काढली, ते तो सांगेल. सांगू द्या. इकडं उणे काही नाही, अधिक चाळीस आहे, हे त्याला म्हणू नका. तिसरा ‘आमच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला आस्संच झालतं’ म्हणून मेव्हण्याला फोन लावतो आणि फोन तुमच्या कानाला. मेव्हणा अकलूजला. त्याला लक्षणं सांगा, तो ‘बरं, बरं’ म्हणेल आणि शेवटी पाऊसपाण्याचं विचारेल. चौथा बारका पोरगा, तो व्हिडिओ काढतो. त्याच्याकडं तोंड करून बॉनेटमध्ये वाका.

एखादा आजोबा येऊन ‘आमच्या येळंला मोट होती, कवाच बंद पडली न्हाई’ म्हणतील. ‘बैल बसायचा की, आबा’ असं कुणीतरी बोलतंच. त्यातून निघणाऱ्या वादात अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात इंजिनही थोडं गार होतं.

३. हवेचा प्रश्न (वाचून सोडून द्या).

आता थोडं शास्त्र. डिझेल इंजिनाला प्लग नसतो, ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली आउग्सबुर्गला जे यंत्र यशस्वी करून दाखवलं, त्यातली गंमत एवढीच : हवा इतकी दाबायची की ती दाबानंच तापते, आणि त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो. म्हणजे हवा सिलिंडरमध्ये हवीच, डिझेलच्या नळीत मात्र नको. टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग पंप डिझेल रेटायला जातो, तर मधला बुडबुडा दबतो आणि पुन्हा फुगतो. नोझलपर्यंत दाब पोचतच नाही. इंजिन नुसतं घरघरतं. वरून कितीही ताजं डिझेल ओता, बुडबुडा जागचा हलत नाही.

उपाय असा. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा बोल्ट असतो. तो पान्यानं दोन आटे सैल करायचा. शेजारच्या हातपंपाची दांडी अंगठ्यानं खालीवर करायची. बोल्टाच्या कडेनं आधी नुसतं फुस्स होतं. मग साबणाच्या पाण्यासारखं फेसाळ डिझेल येतं. दांडी मारत राहायची. फेस विरळ होत जातो, बुडबुडे एकेक करून येऊ लागतात, एखादा मोठा चुकार बुडबुडा सगळं संपल्यावर येतो, आणि मग अखंड, स्वच्छ धार लागते. ती लागली की दांडी दाबलेली ठेवूनच बोल्ट आवळायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर नोझलकडं जाणाऱ्या नळीचं नट सैल करायचं, सेल्फ मारायचा, तिथं डिझेल उडायला लागलं की नट आवळायचं. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ येतो. विजारीला पुसायचा. झालं.

बघितलंत? ना गर्दी, ना आरडाओरडा. एक पाना आणि एक फडकं. असं केलं तर गावगाडा चालायचा कसा?

शिवाय याहून मोठा धोका आहे. हवा काढायला बसलं की ती शिरली कशी, हा प्रश्न निघतो. आणि त्याचं उत्तर कधीच यंत्रात नसतं, घरात असतं. थोरल्यानं टाकी निपटून ट्रॅक्टर तसाच आणून लावला, हे धाकट्यानं चारचौघांत बोलायचं, थोरलीनं ते चुलीपाशी ऐकायचं, आणि दिवाळीपर्यंत बांधावर दगड रोवायचे. एका बुडबुड्यापायी वाटणी होते. त्यापेक्षा धक्का मारलेला बरा. धक्क्यात कुणाचं नाव येत नाही.

४. हँडल मारा.

विहिरीवर जुनं इंजिन असेल तर हँडल आलंच. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली. त्याआधीपासून साताऱ्याचं कूपर मैदानात होतं. कूपरचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो : हे इंजिनवाले सर धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष होता, पण गव्हर्नरच्या अधिकारांवरून अडून बसला. मग कूपरसाहेबांना पुढं करून मंत्रिमंडळ ढकलस्टार्ट केलं. एप्रिलमध्ये चालू झालं, जुलैत बंद पडलं, आणि त्या जागी बाळासाहेब खेरांचं बसवलं. कूपरचं लोखंडी इंजिन मात्र पुढं कितीतरी वर्षं विहिरी उपसत राहिलं.

हँडल मारायची रीत अशी. इंजिनाच्या डोक्यावरचा खटका उचलून धरायचा. त्यानं व्हॉल्व्ह उघडा राहतो, आतली हवा दबत नाही आणि चाक हलकं फिरतं. ते जड चाक चांगलं गरगरायला लागलं की खटका पाडायचा. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिन उलटं पेटलं तर हँडल उलटा फटका मारतं आणि गुंडाळलेला अंगठा त्यात सापडतो. हा एक सल्ला खराच पाळा. बाकीची मार्गदर्शिका थट्टेवारी नेलीत तरी माझी हरकत नाही.

हँडल एका दमात लागलं नाही तर बाजूला होऊन हात झाडा आणि ‘आज हवा दमट हाय’ म्हणा. पुढचा माणूस धोतर, लुंगी, जे काय असेल ते खोचून येतोच. प्रत्येकाला वाटतं की आधीच्यानं ढिलं करून दिलं आणि आता आपल्या हातून चालू होणार. या एका समजुतीवर आमच्याकडं पंचायतीपासून पार वरपर्यंत उमेदवार मिळत आले आहेत.

५. धक्का.

हा या विद्येचा गाभा. अडचण एकच : हा मुलूख सपाट. उतार मिळायचा तो कालव्याच्या पुलावर. म्हणून जाणकार माणूस रात्री गाडी दारात लावत नाही. पुलाच्या उतरणीवर लावतो, चाकाला धोंडा देतो, आणि सकाळी डबा घेऊन पुलापर्यंत पायी जातो. पाहुण्यांकडं गेला तरी आधी अंगणाचा उतार बघतो, मग पाहुण्यांची खुशाली विचारतो. बॅटरीला पैसे नाहीत असं नाही. पण नवी बॅटरी घेतली की पुलावरच्या जागेवरचा हक्क जातो, आणि तिथं लगेच दुसऱ्याचा छोटा हत्ती उभा राहतो.

बॅटरी उतरते कशी, तेही शिकून घ्या. उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या यार्डात नंबर लावून रात्रभर उभा असतो. थंडी मी म्हणते. ड्रायव्हर डेक लावतो, ट्रॅक्टरच्या छपराला दोन भलेमोठे स्पीकर असतात, पुढं निळ्या-जांभळ्या लाइटची माळ. पहाटे काट्यावरून नंबर पुकारला जातो, सेल्फ मारला की नुसती कट-कट. गाणी सगळी बॅटरी पिऊन गेलेली. घाबरू नका. मागं चाळीस-पन्नास ट्रॅक्टर रांगेत आहेत आणि त्या सगळ्यांना तुमचा ट्रॅक्टर पुढं जायला हवा आहे. इतका प्रामाणिक रेटा तुम्हाला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही.

आता कृती. दुसरा गिअर टाका. पहिल्यात चाकच अडतं आणि ढकलणाऱ्यांची तोंडं लोखंडावर आपटतात. क्लच दाबून धरा. ‘रेटाऽ’ म्हणून ओरडा. वेग आला की क्लच झटक्यात सोडा. ट्रॅक्टर आचका देतो, काळा धूर सोडतो आणि धडधडायला लागतो. नाही लागला तर पुन्हा. ढकलणाऱ्यांत एक जण नुसता तळवा टेकवून चालत असतो. ‘अजून थोडं, अजून थोडं’ असं तोच ओरडतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवा, पुढच्या खेपेला सोसायटीला उभा राहणार आहे.

एक बारकावा राहिला, स्टॉपरचा. पुष्कळ ट्रॅक्टर नुसत्या किल्लीनं बंद होत नाहीत. एक दांडी बाहेर ओढायची, डिझेल तुटतं, इंजिन थांबतं. चालू करताना ती आत सारावी लागते. रात्री ओढलेली दांडी सकाळी तशीच राहिली, तर बारा सोडा, बाराशे माणसांनी रेटा दिला तरी ट्रॅक्टर फक्त पुढं सरकतो. पुलापासून शाळेपर्यंत, शाळेपासून डेअरीपर्यंत. सगळे घामाघूम. मिलिटरीवाला ‘गिअर चुकतोय’ म्हणतो, मेव्हण्याला परत फोन जातो. मग शाळेला निघालेलं एखादं पोर सीटपाशी डोकावून विचारतं, ‘तात्या, ह्यो दांडा भाईर कसा ओ?’

अशा वेळी चेहरा हलू देऊ नका. ‘मुद्दाम ठिवलाय. आधी इंजिन मोकळं व्हाया लागतं,’ म्हणा. दहा पावलं तसंच ढकलू द्या, मग कुणाचं लक्ष नसताना दांडी आत सारा. इंजिन पेटलं की जमलेल्यांना वाटेल शेवटच्या दहा पावलांचाच तो पराक्रम. त्या पोराला चहा देऊ नका. शाळेची घंटा झाली म्हणावं.

मनुष्यबळाची चणचण असेल तर बंद पडायला मुहूर्त निवडा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीत अश्वांचं. त्या दिवसांत रस्त्यावर दिंड्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर, आणि जिकडं बघाल तिकडं ढकलायला मोकळे हात. टाळ खांद्यावर टाकून चार वारकरी पाठ लावतात आणि टँकर हलतो. चहा मागत नाहीत, उलट तुम्हालाच माउली म्हणतात. याचा गैरफायदा घेऊ नये असं म्हणायची पद्धत आहे. म्हटलं.

६. दुसरं इंजिन जोडा.

भरलेली डबल ट्रॉली रानातून काढताना काळ्या मातीत रुतली, तर पुढं आणखी एक ट्रॅक्टर लावतात. साखळी ताणायची आणि दोघांनी एकदम जोर करायचा. राजकारणात डबल इंजिन अलीकडं आलं, आमच्या रानात ते फार जुनं आहे. दोघांतला एक नेमका क्लच उशिरा सोडतो. साखळी सैल पडते, मग फाडकन ताणली जाते. पुढचा म्हणतो मागच्यानं जोरच लावला नाही, मागचा म्हणतो पुढच्यानं दिशा चुकवली. ट्रॉलीतला ऊस वाळत असतो, त्याला कुणी विचारत नाही. कधी कधी पुढचाही रुततो. मग जेसीबी येतो. त्याचं भाडं तासावर, आणि दोघांपैकी कुणाचा बाहेर निघाला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

रेल्वे इंजिनाबद्दल विचारू नका. ते एका पक्षाचं चिन्ह आहे, आणि इथं फक्त ढकलता येणाऱ्या वाहनांचा विचार केला आहे.

७. विजेची मोटर.

हिला ढकलता येत नाही, तेव्हा फार वेळ घालवू नका. स्टार्टरला ऑटो स्विच लावा. रात्री-अपरात्री लाइट आली की मोटर आपोआप उठते, तुम्ही झोपा. शेजाऱ्यांनीही लावलेला असतो. सगळ्या मोटरी एका क्षणी उठतात आणि डीपी बसते. मग नवी डीपी येईपर्यंत चौथ्या पायरीवर परत या. उजनीच्या काठाला, पळसदेव-भिगवणकडं, प्रकार आणखी वेगळा. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं तशा मोटरी, पाइप आणि वायरी उचलून पाण्यामागं न्याव्या लागतात. तिथं मोटर ठणठणीत असते, धरणच बंद पडलेलं असतं.

८. कारखाना.

ट्रॅक्टरवर हात बसला की संस्थांकडं वळा. अडचणीतला साखर कारखाना हे ढकलस्टार्टचं सर्वांत मोठं वाहन. आमच्या दोन तालुक्यांत सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशी सहकारी नावं आहेत. पुढचं त्यांतल्या कुणा एकाबद्दल नाही. महाराष्ट्रात उदाहरणांना तोटा नाही.

सुरुवात बॉयलरपासून. महाराष्ट्रात निमंत्रणपत्रिका छापून चालू केलं जाणारं हे एकमेव यंत्र. विधीला अग्निप्रदीपन म्हणतात. एखाद्या संचालकाला सपत्नीक पूजेला बसवायचं. पत्रिकेवर जितकी नावं तितकी वाफ धरते, असा अनुभव आहे, त्यामुळं ‘प्रमुख उपस्थिती’ दोन पानी ठेवा. काही दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकायची. सगळ्यांचे हात मोळीला लागले पाहिजेत. फोटोत मोळी दिसली नाही तरी चालेल, हात दिसले पाहिजेत.

इथंही हवा शिरलेली असतेच, आणि ती कुठून शिरली हे इथंही विचारायचं नसतं. तरी माहितीसाठी. उसाचा रास्त भाव केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ साली किलोला ३१ रुपये झाली आणि वर्षानुवर्षं तिथंच बसून राहिली. ऊस चढत गेला. हा झाला सगळ्यांनी जाहीर सभेत दाखवायचा बुडबुडा. यावर कितीही बोला, टाळ्या मिळतात.

बाकीचे बुडबुडे दाखवायचे नसतात. तोडणी-वाहतुकीसाठी दिलेल्या उचली, ज्या घेऊन टोळी आलीच नाही. गरजेपेक्षा जास्त भरलेली माणसं. जुन्या कर्जाचं व्याज फेडायला काढलेलं नवं कर्ज. हा बोल्ट सैल केला तर फेस येणार, आणि फेसात आपल्याच पाहुण्यांचे चेहरे दिसणार. भरती कुणाच्या चिठ्ठीवर झाली, हे विचारणाऱ्याचाच पुतण्या टाइम ऑफिसात असतो. एका घरात थोरला-धाकटा असतात, कारखान्यात हजारो सभासद. बांधावर किती दगड रोवणार?

म्हणून इथंही धक्काच. राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्ज घ्यायचं, त्याला राज्य सरकारची थकहमी लावायची. थकहमी देणाऱ्यानं तळवा टेकवून सोबत चालायचं असतं. जोर सभासदांनी लावायचा, ठेवी म्हणून, कपात म्हणून, ‘पहिली उचल थोडी कमी घ्या, कारखाना आपला आहे’ म्हणून. क्लच सोडला की चिमणीतून धूर निघतो. धूर निघाला की दुसऱ्या दिवशी पेपरात हंगाम जोमात सुरू झालेला असतो. फेब्रुवारीत पुन्हा आचके बसले तर ऊस कमी पडला म्हणा. ऊस कमी पडला नसेल तर पाऊस जास्त झाला म्हणा.

वार्षिक सभेत मागच्या रांगेतला एखादा तरुण सभासद अहवालाचं पान उघडून विचारील, ‘चेअरमनसाहेब, ह्यो दांडा भाईर कसा?’ त्याचं कौतुक करा, तरुणांनी सहकारात लक्ष घातलं पाहिजे म्हणा, आणि प्रश्न ‘आयत्या वेळच्या विषयां’त घ्या. तोवर ‘मंजूर, मंजूर’ झालेलं असतं आणि मंडपात जेवणाची पंगत बसलेली असते.

९. घरगुती इंजिनं.

लग्नाची बोलणी अडली असतील तर मध्यस्थ बदलू नका, आणखी एक वाढवा. दोन मध्यस्थ एकमेकांवर रुसतात आणि दोन्ही घरं मिळून त्यांची समजूत काढतात. त्या भरात बोलणी कधी सुरू झाली ते कळत नाही.

भावाभावांचं बोलणं बंद असेल तर बांधावर जाऊन काही होत नाही. कुणाच्या तरी लग्नात दोघांना एकाच पंगतीला वाढायला लावा. ‘जिलबी इकडं’ एवढं बोलणं झालं तरी इंजिन पेटलं समजा. क्लच हळू सोडा.

पोरगा चार वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय आणि गाडी पुढं सरकत नाही, अशी तक्रार घेऊनही लोक येतात. त्याच्या आत्याला, मामाला, गुरुजींना मागं लावू नका. तिथं बॅटरीही भरलेली असते आणि डिझेलही, जागाच निघत नाही. सपाटीवर किती ढकलणार? याला माझ्याकडं तोडगा नाही, पुढच्या पायरीवर जाऊ.

१०. चालू झाल्यावर.

आता बंद करू नका. चहा पिताना चालू ठेवा, जेवताना चालू ठेवा, बँकेत काम असेल तर बाहेर पोराला बसवून रेस द्यायला सांगा. उभ्या उभ्या डिझेल जळून टाकी कोरडी होईल आणि हवा शिरेल, पण तो उद्याचा कार्यक्रम.

ढकलणाऱ्यांना चहा पाजणं बंधनकारक आहे. ऑर्डर देताना डोकी मोजू नका, कारण ढकलायला नव्हते तेही आलेले असतात. कुणी वडापाव म्हणालं तर ऐकू आलं नाही असं दाखवा. मिलिटरीवाल्याला मात्र द्या, त्यानं लडाख सांगितलंय. नुसता तळवा टेकवणारा पहिल्या बाकड्यावर बसून साखर जास्त टाकायला सांगत असेल. आणि ज्यानं सुरुवातीला ‘हवा धरलीय’ म्हटलं होतं, तो एकटा कडेला, हातात कप. त्याच्या खिशातून पान्याचं टोक बाहेर आलेलं दिसेल. तोच इथला फिटर. हवा काढायचे तो जेवढे घेतो त्याहून हे चहाचं बिल जास्त झालंय, हे त्याला कळतं आणि हॉटेलवाल्यालाही. त्या दोघांची नजरानजर झाली तर मध्ये उभे राहा.

बिल वहीत मांडायला सांगा. हॉटेलवाला पेन काढून विचारेल, ‘कुणाच्या नावावर?’ यावर मतं वेगवेगळी असतात. चर्चा रंगू द्या, आणि ट्रॅक्टर चालू आहे, डिझेल जळतंय, या सबबीवर निघा.